गव्हाच्या तांबेऱ्यापासून गुलाबाच्या भुरीपर्यंत : डॉ. बी. पी. पाल

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातील गुलाबप्रेमींची खरी परीक्षा सुरू होते. श्रावण-भाद्रपदात हिरवेगार दिसणारे झाड एकाएकी खालून उघडे पडू लागते. पानांवर काळे गोल ठिपके उमटतात, पान पिवळे पडते आणि हात लावताच गळते. फांदीचे टोक काळवंडते व तो काळेपणा हळूहळू खाली उतरतो. पुढे थंडी पडली की कोवळ्या पालवीवर पांढरी भुरी धरते. अशा वेळी बहुतेक माणसे दुकानातून एखादे औषध आणून फवारतात आणि गुण आला नाही की गुलाबालाच दोष देऊन मोकळी होतात. झाड आजारी का पडले, त्याच वाफ्यातील शेजारचे झाड निरोगी कसे राहिले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर विचारला, आधी गव्हाच्या बाबतीत आणि मग गुलाबाच्या, ते कृषिशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. बेंजामिन पिअरी पाल. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक ही त्यांची अधिकृत ओळख. गव्हाच्या तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा वाण देशाला देणारे संशोधक ही शास्त्रीय जगातील ओळख. परंतु देशभरातील बागप्रेमींना ते ठाऊक आहेत ते भारतीय गुलाबाचे एक आद्य संगोपक म्हणून. १४ सप्टेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. पावसाने झोडपलेल्या गुलाबांकडे माळ्याचे लक्ष वळण्याचे हेच दिवस. त्यांचे चरित्र या दिवसांत आठवणे म्हणूनच उचित ठरेल.

ब्रह्मदेशातील बालपण

पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातील मुकंदपूर येथे झाला. वडील वैद्यकीय अधिकारी होते व त्यांची नोकरी ब्रह्मदेशात होती. तेव्हा ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक भाग होता, तो वेगळा झाला १९३७ मध्ये. त्यामुळे पाल यांचे बालपण व शिक्षण तिकडेच झाले. मेम्यो हे ब्रह्मदेशातील थंड हवेचे ठिकाण. आपल्याकडे महाबळेश्वर किंवा माथेरान यांचे जे स्थान, तेच तिथे मेम्योचे. शान टेकड्यांच्या कडेला वसलेल्या या गावातील हवा फुलझाडांना मानवणारी होती आणि तिथल्या शाळेत शिकत असतानाच पाल यांना गुलाबांचा छंद जडला. याच शान टेकड्यांत ‘रोझा जायगँशिया’ ही प्रचंड वाढणारी, मोठ्या फुलांची रानगुलाबाची जात आढळते. आजच्या टी गुलाबांच्या पूर्वजांत तिची गणना होते. ज्या मुलखात गुलाबाचे एक मूळ कूळ नांदते, त्याच मुलखात भारताच्या या भावी गुलाबतज्ज्ञाचे बालपण गेले, हा योगायोग मोठा सुखद म्हटला पाहिजे.

रंगून विद्यापीठातून वनस्पतिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन पाल १९२९ मध्ये केंब्रिजला गेले. तिथे त्यांना सर रोलंड बिफेन आणि फ्रँक एंगलडो यांच्यासारखे गुरू लाभले. बिफेन यांचे नाव वनस्पतिरोगांच्या इतिहासात अजरामर आहे. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १९०५ मध्ये, बिफेन यांनी दाखवून दिले की गव्हातील पिवळ्या तांबेऱ्याला असलेली प्रतिकारशक्तीदेखील याच नियमांनी पुढच्या पिढीत उतरते. या शोधाने विचाराची दिशाच बदलली. तोवर रोग म्हणजे हवामानाचा कोप, जमिनीचा दोष किंवा दैवाचा फेरा मानला जाई. आता निरोगीपणा हा रंग किंवा उंचीसारखाच झाडाचा एक गुण ठरला. गुण ठरला म्हणजे तो निवडता येतो, संकराने एका वाणातून दुसऱ्यात आणता येतो. पाल यांच्या पुढील साऱ्या आयुष्याची बैठक या एका विचारात आहे. केंब्रिजमध्ये त्यांनी स्वतः गव्हातील संकरज जोमावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली.

पुसा, भूकंप आणि दिल्ली

मायदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी ब्रह्मदेशातील भात संशोधनात काम केले आणि १९३३ मध्ये बिहारमधील पुसा येथील इंपीरियल कृषी संशोधन संस्थेत ते रुजू झाले. हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याच्या देणगीतून उभी राहिलेली ही संस्था गव्हाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध होती. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी याच ठिकाणी देशी गव्हांतून निवड करून पुसा वाणांची परंपरा सुरू केली होती. पाल यांना तिथे स्थिरस्थावर व्हायला फार वेळ मिळाला नाही. १५ जानेवारी १९३४ च्या भीषण भूकंपात पुशाची मुख्य इमारत उद्ध्वस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्थेचे बिऱ्हाड दिल्लीला हलले. नाव मात्र सोबत आले. दिल्लीतील तो सारा परिसर आजही पुसा म्हणूनच ओळखला जातो. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पाल संस्थेचे मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाले.

त्यांच्यासमोर उभा असलेला शत्रू जुना होता. गव्हावर तीन प्रकारचे तांबेरे पडतात, काळा, तपकिरी आणि पिवळा. शेतात शिरल्यावर कपडे लालसर भुकटीने माखले की शेतकरी काय ते समजे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जबलपूर भागात तांबेऱ्याने बुडालेल्या गव्हाचे आणि देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. १९४६-४७ च्या हंगामात पुन्हा मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने हाहाकार उडवला. बंगालच्या दुष्काळाच्या जखमा ताज्या होत्या आणि देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. अशा वेळी हातातोंडाशी आलेला गहू जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

हा रोग दरवर्षी येतो कुठून, याचे उत्तर आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी शोधले होते. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्याच्या उष्म्यात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरत नाहीत. ते तग धरतात डोंगरांवर, उत्तरेत हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरी व पलनीच्या टेकड्यांत. तिथून वाऱ्याबरोबर ते दरसाल खाली उतरतात. महाराष्ट्राच्या गव्हावर येणारा काळा तांबेरा प्रामुख्याने दक्षिणेकडून येतो. महाबळेश्वर येथे गहू तांबेरा संशोधन केंद्र का आहे, याचा उलगडा यातून व्हावा. स्ट्रॉबेरीसाठी तिथे जाणाऱ्या पर्यटकांच्या हे गावीही नसते.

एका शत्रूवर मात करणे तुलनेने सोपे. तिन्ही तांबेऱ्यांना एकाच वेळी दाद न देणारा गहू घडवणे हे काम मात्र अतिशय जिकिरीचे होते. त्यातून प्रत्येक तांबेऱ्याच्या अनेक पोटजाती असतात आणि एकीला पुरून उरणारा वाण दुसरीपुढे नांगी टाकतो. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशोदेशीचे प्रतिकारक गहू मिळवले. त्यांचा देशी वाणांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर केला आणि प्रत्येक पिढी मुद्दाम रोगाच्या तोंडी देऊन जी रोपे टिकली तेवढीच पुढे चालवली. जवळजवळ दोन दशकांच्या या तपश्चर्येतून १९५४ मध्ये ‘एन. पी. ८०९’ हा वाण बाहेर पडला. एन. पी. म्हणजे न्यू पुसा. तिन्ही तांबेऱ्यांना प्रतिकार करणारा गहू म्हणून त्याची कीर्ती झाली. महाराष्ट्रापुरते सांगायचे, तर आपला खपली गहू काळ्या तांबेऱ्याला तोंड देण्याच्या गुणासाठी जगभरच्या तज्ज्ञांना परिचित आहे. तांबेऱ्याच्या पोटजाती ओळखण्यासाठी जो ठरावीक गव्हांचा संच वापरला जाई, त्यात खपलीला मानाचे स्थान होते.

गुलाबाकडे पाहण्याची दृष्टी

१९५० ते १९६५ अशी पंधरा वर्षे पाल या संस्थेचे संचालक होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५८ मध्ये, संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि कृषी विषयातील पदव्युत्तर शिक्षणाचे मोठे केंद्र तिथे उभे राहिले. एवढ्या व्यापात त्यांनी गुलाब सोडला नाही. ते अविवाहित होते. कार्यालयाबाहेरचा त्यांचा वेळ चित्रकला आणि बाग यांत जाई. मात्र गुलाब हा त्यांचा केवळ विरंगुळा नव्हता. जी शिस्त गव्हाच्या शेतात, तीच गुलाबाच्या वाफ्यात, असा त्यांचा खाक्या होता.

त्या काळी भारतातील बागांत जे संकरित गुलाब मिरवत, ते बहुतांशी युरोप-अमेरिकेतून आलेले असत. तिकडच्या थंड हवेत वाढवून, तिकडच्या डोळ्यांनी निवडलेली ही झाडे. इथल्या मे महिन्याचा उन्हाळा आणि जुलैचा पाऊस त्यांना सोसेलच असे नव्हते. त्यात एक ऐतिहासिक दोष होता. फ्रान्समधील लिआँचे प्रख्यात संकरक जोसेफ पेर्ने-ड्युशे यांनी १९०० मध्ये ‘सोलेई दॉर’ हा गुलाब जगासमोर आणला आणि बागेतील गुलाबांत झळझळीत पिवळा रंग अवतरला. हा रंग ‘रोझा फीटिडा’ या पश्चिम आशियातील जातीकडून आला होता. परंतु ती जात काळ्या ठिपक्यांच्या रोगाला फार लवकर बळी पडते. रंगाबरोबर तो दुबळेपणाही वारशाने पुढे गेला. आज आपण ज्या पिवळ्या, केशरी, दुरंगी गुलाबांवर लुब्ध होतो, त्यांतील अनेकांच्या पानांवर पावसाळ्यात आधी ठिपके दिसतात, त्याचे एक मूळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या संकरात आहे. फक्त रंगाकडे पाहून निवड केली की काय गमवावे लागते, याचे हे बोलके उदाहरण होय.

गव्हावर बिफेन यांचा धडा गिरवलेल्या पाल यांना हे वेगळे सांगावे लागले नसणार. भारतीय हवामानात, भारतीय मातीत वाढवलेल्या रोपांतून निवड करूनच भारतीय गुलाब निर्माण होईल, ही त्यांच्या संकरकार्यामागची दिशा होती. ‘रोझ शरबत’, ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’, ‘डॉ. होमी भाभा’ हे त्यांचे काही गाजलेले वाण. नावांवरूनच त्यांचा देशी बाणा दिसतो. १९६६ मध्ये कृषी अनुसंधान परिषदेने त्यांचा ‘द रोझ इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विलायती पुस्तकांतील महिने आणि वेळापत्रके इथे लागू करून फसलेल्या बागप्रेमींना आपल्या देशाचा विचार करून लिहिलेला आधार त्यातून मिळाला. गुलाबप्रेमींच्या आणि बोगनवेलप्रेमींच्या संस्था स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. बोगनवेलीवर विष्णू स्वरूप यांच्या सहकार्याने त्यांनी पुस्तकही लिहिले.

रोग ओळखावा कसा?

पाल यांच्या कार्याचे मर्म आपल्या अंगणात आणायचे, तर पहिली पायरी म्हणजे नीट पाहणे. तांबेऱ्याच्या संशोधकाला पानावरील पुळीचा रंग, आकार व जागा यांवरून रोग ओळखावा लागतो. गुलाबाचेही तसेच आहे.

काळ्या ठिपक्यांचा रोग पावसाळ्यातला. ठिपका गोल असतो, पण त्याची कड रेखीव नसून पिसासारखी विस्कटलेली असते. भोवतीचे पान पिवळे पडते. सुरुवात खालच्या पानांपासून होते, कारण मातीवर पडलेल्या जुन्या पानांतील बीजाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर वर उडतात. पान सलग सात-आठ तास ओले राहिले की ही बुरशी आत शिरते. म्हणून संध्याकाळी झाडावर नळीने पाणी मारण्याची सवय घातक. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्यावे. गळलेली पाने रोजच्या रोज वेचून बागेबाहेर टाकावीत, दोन झाडांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे. पावसाळ्यापूर्वी आणि उघडीप मिळेल तेव्हा ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारावे. ठिपके पडलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. फवारणी ही नव्या पानांच्या रक्षणासाठी असते, हे ध्यानात घेतले तर निराशा होणार नाही.

भुरीची रीत नेमकी उलट. दिवस कोरडे आणि रात्री थंड, दमट असल्या की ती येते. तिला ओल्या पानाची गरज नसते. कोवळी पाने वाकडी होतात, कळ्यांच्या देठांवर पांढरी पिठूळ बुरशी दिसते. नत्रयुक्त खतांचा मारा करून लुसलुशीत फूट आणली की तिला आमंत्रणच मिळते. पाण्यात विरघळणारे गंधक हा यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय, मात्र कडक उन्हात ते फवारल्यास पाने करपतात. त्यामुळे वेळ सकाळची किंवा उतरत्या उन्हाची हवी.

आपल्याकडील गुलाबांना मुळापासून संपवणारा रोग म्हणजे फांद्यांची वरून खाली होणारी मर, ज्याला बागायतदार ‘डायबॅक’ म्हणतात. छाटणीच्या जखमेतून किंवा खुडलेल्या फुलाच्या देठातून बुरशी शिरते. टोक काळे पडते, काळेपणा रोज थोडा खाली सरकतो आणि कलमाच्या जागेपर्यंत पोचला की झाड हातचे जाते. यावर फवारणीपेक्षा कात्रीच अधिक उपयोगी. काळ्या भागाच्या खाली, आतला गर स्वच्छ पांढरा-हिरवा दिसेपर्यंत फांदी छाटावी. काप तिरपा आणि बाहेरच्या दिशेने असलेल्या डोळ्याच्या किंचित वर असावा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण. कुंड्या चार-दोन असतील तर याच प्रमाणात थोडीशी करावी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे, लोखंडी भांडे वापरू नये. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री निर्जंतुक करावी. निचरा नसलेली जमीन, लाल कोळी किंवा खवले किडीने शोषलेले झाड, उन्हाळ्यात पडलेली पाण्याची ओढ ही या रोगाची खरी पूर्वतयारी असते. म्हणजेच रोग फांदीच्या टोकावर दिसला, तरी कारण बहुधा मुळाशी असते.

गुलाबालाही तांबेरा होतो. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पुळ्या येतात. मात्र ही बुरशी वेगळी. गव्हाचा तांबेरा गुलाबावर जात नाही आणि गुलाबाचा गव्हावर येत नाही. शिवाय हा रोग थंड, डोंगराळ भागात अधिक दिसतो, उष्ण मैदानी प्रदेशात तो क्वचितच त्रास देतो. तांबेऱ्याशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाच्या आवडत्या फुलाला दिल्लीत तांबेऱ्याचे भय फारसे नसावे, हे एक प्रकारे न्यायाचेच झाले.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक पिवळे पान रोगी नसते. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती हमखास दिसते आणि तिथे बुरशीनाशक फवारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पानांवर बारीक फिकट टिपके आणि खाली जाळी असेल, तर तो लाल कोळ्याचा उपद्रव. पानावर पिवळ्या नागमोडी रेषा किंवा नक्षी उमटली असेल, तर तो विषाणूजन्य मोझॅक. त्यावर औषध नाही. तो कलमातून पसरतो, म्हणून अशा झाडाचा डोळा कधीही भरू नये.

स्वतःच्या वाणांना निरोप

पाल यांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीचा क्षण मात्र गुलाबाशी नव्हे, गव्हाशी निगडित आहे. एन. पी. मालिकेतील त्यांचे गहू निरोगी होते, दाण्याला चांगले होते. पण ते उंच होते. रासायनिक खतांचा भरपूर मात्रेत वापर करताच ओंबीच्या भाराने ते लोळत. साठच्या दशकाच्या प्रारंभी देशाला अन्नासाठी परदेशी जहाजांकडे डोळे लावून बसावे लागत होते. अशा वेळी मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी घडवलेल्या बुटक्या गव्हांची वार्ता आली. बोरलॉग यांना भारतात बोलवावे, हा डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांचा प्रस्ताव संचालक पाल यांच्याकडे आला आणि त्यांनी तो पुढे नेला. मार्च १९६३ मध्ये बोरलॉग येथे आले.

या घटनेचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. नवे गहू यशस्वी होणे म्हणजे पाल यांचे वीस वर्षांचे काम शेतांतून मागे पडणे. एखाद्या संशोधकाला आपल्या अपत्याविषयी वाटणारी माया काही कमी नसते आणि अधिकारपदावरील माणसाला अडथळे आणण्याचे शंभर मार्ग असतात. पाल यांनी त्यांतील एकही अवलंबला नाही. १९६५ मध्ये ते कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक झाले. या सर्वोच्च पदावर बसलेले ते पहिले शास्त्रज्ञ. पुढील वर्षी, सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री असताना, मेक्सिकोतून १८ हजार टन बियाणे आणण्यात आले आणि हरितक्रांतीची पहाट झाली. देशभर विखुरलेल्या केंद्रीय कृषी संस्था परिषदेच्या एका छत्राखाली आल्या. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांचे जाळे विणले गेले. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये आणि अकोल्याचे १९६९ मध्ये स्थापन झाले, ते याच कालखंडात. पुष्पशेतीसाठीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्पही १९७०-७१ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. पुण्यातील गणेशखिंड हे त्याचे एक केंद्र. फुलांना कृषी संशोधनात हक्काची जागा मिळाली, त्यामागे महासंचालकांचे गुलाबप्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

त्यांचे वाण मागे पडले, विचार मात्र पडला नाही. हरितक्रांतीचा लाडका गहू ‘कल्याण सोना’ सत्तरच्या दशकात तांबेऱ्याला बळी पडू लागला. १९९९ च्या सुमारास आफ्रिकेतील युगांडात काळ्या तांबेऱ्याची नवी पोटजात सापडली आणि जगभरच्या गहू संशोधकांची झोप उडाली. प्रतिकारशक्ती ही एकदा मिळवून तिजोरीत ठेवण्याची वस्तू नव्हे. बुरशीही बदलते, नवी रूपे धारण करते, म्हणून संशोधकाला विश्रांती नसते. गुलाबालाही हाच नियम लागू आहे. एका बागेत ठिपके न पडणारा वाण दुसऱ्या शहरात पडू शकतो, कारण तिथल्या बुरशीची पोटजात वेगळी असते.

अखेरची वर्षे

१९७२ मध्ये पाल निवृत्त झाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरवले. पर्यावरणविषयक राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९६८ मध्ये पद्मभूषण आणि १९८७ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. १९४१ मध्ये स्थापन झालेली भारतीय आनुवंशिकी व वनस्पतिप्रजनन संस्था आणि तिचे नियतकालिक यांची जोपासना त्यांनी प्रदीर्घ काळ केली. मृत्यूपूर्वी आपली मालमत्ता त्यांनी ज्या संस्थेत उमेदीची वर्षे घालवली, त्या पुशाच्या संस्थेच्या हाती सोपवली. तिथल्या सभागृहाला आज त्यांचे नाव आहे.

मावळात, तळेगाव दाभाड्याच्या परिसरात हरितगृहांमधून आज लाखो गुलाब वाढतात आणि परदेशी बाजारात जातात. परिषदेची पुष्पविज्ञान संशोधन संस्थाही आता पुण्यात आहे. हरितगृहातील बागायतदाराला केवडा आणि भुरी यांची धास्ती असते, तर गच्चीतल्या चार कुंड्या सांभाळणाऱ्या गृहिणीला काळ्या ठिपक्यांची. दोघांपुढचा प्रश्न एकच आहे आणि त्याचे पहिले उत्तर औषधाच्या बाटलीत नाही. ते झाडाच्या निवडीत आहे, निचऱ्यात आहे, वेळेवर चालवलेल्या कात्रीत आहे.

या ऑक्टोबरात छाटणीसाठी बागेत उतराल, तेव्हा एक साधी नोंद जरूर करा. कोणत्या झाडाची पाने पावसाळाभर टिकली आणि कोणते झाड उघडे पडले, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी नवे रोप आणताना रंगाबरोबर ती वहीही पाहा. डॉ. पाल यांनी हजारो गव्हांच्या ओळींतून जे केले, त्याचीच ही लहानशी घरगुती आवृत्ती ठरेल. जे झाड आपल्या अंगणातील ऊन-पाऊस सोसून निरोगी राहिले, त्याचाच डोळा पुढे भरावा, हा त्या ऋषितुल्य शास्त्रज्ञाचा वारसा आहे आणि तो जपायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.